मिठाचं दार

1948 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहरात उन्हाची मोठी लाट आली. तिथल्या 'बेबीज हॉस्पिटल'मध्ये उष्म्यानं मलूल झालेली, अंगातलं पाणी आटलेली मुलं येऊ लागली. डॉ. पॉल दि सांत'अन्येसे या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की यांत सिस्टिक फायब्रोसिस हा आजार असलेली मुलं फार आहेत. ऊन तर सगळ्या शहराला सारखंच लागत होतं, मग नेमकी हीच मुलं का कोसळत होती? पाच वर्षांनी, 1953 मध्ये, त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. या मुलांच्या घामात इतरांपेक्षा कितीतरी जास्त मीठ होतं. घाम आला, की अंगातलं मीठ वाहून जायचं आणि मूल गळून पडायचं.

तोवर हा आजार पोटाचा आणि छातीचा समजला जात होता. त्याच रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं होतं. खाल्लेलं पचत नाही, वजन वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, अशा अवस्थेत दगावलेल्या मुलांची त्यांनी शवविच्छेदनं केली. त्या मुलांना 'सीलिअ‍ॅक' नावाचा दुसराच आजार असल्याचं मानलं गेलं होतं. अँडरसन यांना मात्र स्वादुपिंडात द्रवानं भरलेल्या बारीक पिशव्या आणि त्यांच्याभोवती चिवट तंतूंचं जाळं दिसलं. फुप्फुसंही घट्ट स्रावानं आणि पुवानं भरलेली होती. आजाराला नाव मिळालं ते स्वादुपिंडातल्या या दृश्यावरून.

घामातल्या मिठानं कोडं आणखी वाढवलं. स्वादुपिंड, फुप्फुस आणि घामाच्या ग्रंथी यांचा एकमेकांशी काय संबंध? युरोपात फार जुनी समजूत होती, की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार दिवस जगत नाही. तिथल्या आया जे ओठांनी ओळखत होत्या त्याचं कारण कळायला विज्ञानाला 1980 चं दशक उजाडावं लागलं.

एक प्रथिन, दोन दिशा

शरीरातल्या अनेक नळ्या आणि पोकळ्या आतून ओल्या राहाव्या लागतात. श्वासनलिका, आतडी, स्वादुपिंडातून आणि यकृतातून निघणाऱ्या नलिका, पुरुषाची वीर्यवाहिनी या सगळ्यांना आतून एकेरी थरातल्या पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींच्या पृष्ठभागावर 'सीएफटीआर' नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ते म्हणजे उघडझाप करणारं एक दार. मिठाच्या दोन घटकांपैकी क्लोराइड या दारातून ये-जा करतो. क्लोराइड जिथे जाईल तिथे सोडियम जातं आणि मीठ जिथे साठेल तिथे पाणी ओढलं जातं. शरीरातला ओलावा या हिशेबावर चालतो. याच दारातून बायकार्बोनेटही बाहेर पडतं आणि त्यामुळे स्राव पातळ व सुटा राहतो.

घामाच्या ग्रंथीत दाराचं काम आत घेण्याचं असतं. ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. नळीतून वर येता येता पेशी त्यातला क्लोराइड आणि सोडियम परत शोषून घेतात आणि कातडीवर बराच कमी खारट घाम येतो. दार बंद असेल, तर मीठ परत घेतलंच जात नाही. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ पॉल क्विंटन यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं, की या रुग्णांच्या घामाच्या नळीतून क्लोराइड पलीकडे जाऊच शकत नाही. क्विंटन स्वतः सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण आहेत.

फुप्फुसात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे दारानं क्लोराइड बाहेर, श्वासनलिकेच्या पोकळीकडे सोडायचा असतो, म्हणजे त्यामागोमाग पाणी येऊन पेशींवर पातळ ओला थर राहतो. ते दार बंद पडलं, की थर सुकतो. दिशा उलटी असल्यामुळेच एका बिघाडानं एकीकडे घाम खारट होतो आणि दुसरीकडे कफ घट्ट.

छातीत काय होतं

आपण दर श्वासाबरोबर धूळ आणि जंतू आत घेतो. निरोगी श्वासनलिकेत ते चिकट स्रावात अडकतात. स्रावाखाली पातळ द्रव असतो आणि त्यात पेशींचे सूक्ष्म केस सतत हलत राहून हा स्राव घशाकडे ढकलत असतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. ही साफसफाई दिवसरात्र चालू असते.

द्रवाचा थर सुकला, की केस स्रावाच्या ओझ्याखाली दबतात आणि हलेनासे होतात. स्राव भिंतीला चिकटून बसतो आणि त्यात जंतूंना घर मिळतं. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस येतो, पुढे स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा दुसरा जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून राहतो आणि एकदा मुरला, की प्रतिजैविकांनाही दाद देत नाही. शरीर त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशींच्या फौजा पाठवतं. त्या मरतात तेव्हा त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो. डीएनएचे लांबच लांब धागे कफाला आणखी चिवट करतात आणि त्या पेशींतली विकरं श्वासनलिकेच्या भिंतीच कुरतडतात. अडथळा, जंतुसंसर्ग आणि दाह ही तिन्ही एकमेकांना वाढवत राहतात. नलिका फुगून सैल पडतात आणि फुप्फुसाचा एकेक भाग निकामी होत जातो. या आजारातले बहुतेक मृत्यू यामुळेच होतात.

म्हणूनच या रुग्णांना एकमेकांपासून किमान दोन मीटर दूर राहायला सांगतात. एकाच्या छातीतला हट्टी जंतू दुसऱ्याच्या छातीत गेला, तर तिथेही मुक्काम ठोकतो. त्याच आजाराशी झुंजणाऱ्या दोन मुलांनी शेजारी बसून खेळू नये, हे किती कठीण आहे ते पालकांनाच ठाऊक.

खाल्लेलं अंगाला लागत नाही

या आजाराचं दुसरं मोठं क्षेत्र पोट. स्वादुपिंडाचा पाचकरस नलिकेतून लहान आतड्यात उतरतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तो इतका दाट होतो, की बाळ आईच्या पोटात असतानाच नलिका तुंबायला लागतात. अडकून पडलेला रस ग्रंथीचंच नुकसान करतो. सुमारे 85 टक्के रुग्णांमध्ये स्वादुपिंड अन्न पचवण्यापुरता रस आतड्यात पाठवू शकत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो स्निग्ध पदार्थांच्या पचनाला. दूध, तूप, शेंगदाणे, सगळं न पचता बाहेर पडतं. शी मोठी, तेलकट, चकचकीत, अतिशय दुर्गंधी आणि पाण्यावर तरंगणारी होते. लंगोट धुताना तेलकटपणा हाताला जाणवतो. तेलात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही शरीराबाहेर जातात. मूल भुकेलेलं असतं, ताटभर जेवतं आणि तरी हातपाय काडीसारखे. 'खातं भरपूर, पण अंगाला लागत नाही' हे वाक्य आपल्याकडे कितीतरी आज्या बोलतात. बहुतेक वेळा त्याचं कारण साधं असतं. पण त्याच्या जोडीला न जाणारा खोकला आणि तेलकट शी असेल, तर ते वाक्य डॉक्टरांनी कान देऊन ऐकायला हवं.

आजाराची पहिली खूण कधीकधी जन्मानंतरच्या एकदोन दिवसांतच दिसते. नवजात बाळाची पहिली काळपट शी इतकी चिकट असते, की ती आतड्यातच अडकते, पोट फुगतं आणि हिरवट उलट्या होतात. सुमारे 15 ते 20 टक्के रुग्णांची सुरुवात अशी होते आणि त्यातल्या काहींना लगेच शस्त्रक्रिया लागते.

पुढे वय वाढतं तसे इतर अवयवही तक्रारी करू लागतात. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी तंतूंच्या जाळ्यात घुसमटतात आणि प्रौढ रुग्णांपैकी 40 ते 50 टक्क्यांना मधुमेह होतो. काहींच्या यकृतातल्या पित्तनलिका तुंबतात. नाकात मांसल गाठी वाढतात, बोटांची टोकं फुगीर होतात. 95 टक्क्यांहून जास्त पुरुषांमध्ये वीर्यवाहिनी तयारच झालेली नसते. शुक्राणू मात्र तयार होत असतात, त्यामुळे प्रयोगशाळेच्या मदतीनं हे पुरुष बाप होऊ शकतात.

दोष कोणाचाच नाही

सीएफटीआरची कृती सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. अशी व्यक्ती वाहक असते आणि पूर्ण निरोगी आयुष्य जगते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत पंचविसांत एक जण वाहक आहे. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ही शक्यता कमी होत नाही किंवा वाढतही नाही.

हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे मूल आजारी निघालं, की बोट आईकडे वळतं. गरोदरपणी काय खाल्लं, कुठे गेली, कोणाची नजर लागली, अशी तिची उलटतपासणी सुरू होते. या आजारात आईचा आणि वडिलांचा वाटा तंतोतंत सारखा असतो आणि त्या दोघांनाही आपण वाहक असल्याचं आधी कळलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. जवळच्या नात्यात बिघडलेली प्रत एकाच पूर्वजाकडून दोघांत आलेली असू शकते, म्हणून अशा लग्नांत या प्रकारच्या आजारांची शक्यता वाढते. घराण्यात असं मूल होऊन गेलं असेल, तर लग्नाआधी किंवा पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

दार दुरुस्त करणारी गोळी

1989 मध्ये टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी हे जनुक शोधून काढलं. सर्वाधिक आढळणाऱ्या बिघाडात डीएनएची फक्त तीन अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे 1480 अमिनो आम्लांच्या साखळीतलं 508 वं, फेनिलअ‍ॅलानिन, नाहीसं होतं. आता या जनुकाचे 2000 हून अधिक बदल माहीत आहेत. त्यातले सगळे आजार करत नाहीत.

एका अमिनो आम्लावाचून काय अडतं? प्रथिनाची घडी नीट बसत नाही. पेशीच्या आतली तपासणी यंत्रणा त्याला सदोष ठरवते आणि पृष्ठभागावर पोचण्याआधीच मोडीत काढते. 1992 मध्ये आयोवातल्या मायकेल वेल्श यांच्या गटानं हा बिघाड असलेल्या पेशी कमी तापमानात वाढवून पाहिल्या, तेव्हा काही प्रथिनं पृष्ठभागावर पोचली आणि थोडंफार कामही करू लागली. म्हणजे प्रथिन पार निरुपयोगी नव्हतं. घडी सावरायला मदत मिळाली तर ते कामाला येऊ शकत होतं. औषधानं ते साधेल, ही आशा या प्रयोगानं दिली.

पहिलं यश 2012 मध्ये आलं. आयवाकॅफ्टर हे औषध, प्रथिन पृष्ठभागावर पोचूनही न उघडणाऱ्या थोड्या रुग्णांसाठी होतं. 2019 मध्ये एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयवाकॅफ्टर यांची एकत्रित गोळी अमेरिकेत मंजूर झाली. पहिली दोन औषधं घडी सावरतात, तिसरं दार उघडं ठेवतं. चाचणीत रुग्णांची फुंकर मारण्याची क्षमता सरासरी 14 टक्के-अंकांनी सुधारली आणि घामातलं मीठही घटलं. 1950 च्या दशकात यातली बहुतेक मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही पोचत नसत. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या अशा बाळाचं अपेक्षित आयुष्य साठीच्या पुढे गेलं आहे.

पण 2019 मध्ये या गोळीची वर्षाची छापील किंमत 3,11,000 डॉलर होती, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. आणि ती आयुष्यभर घ्यावी लागते. भारताच्या 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालच्या नियुक्त केंद्रांपैकी एक आहे आणि अशा केंद्रांमार्फत एका रुग्णामागे 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्या किमतीत ही रक्कम चार महिनेही पुरत नाही. अर्जेंटिनात या गोळीची स्वस्त जेनेरिक आवृत्ती तयार होते. औषधनिर्मितीत जगाला पुरून उरणाऱ्या भारतातल्या मुलांना ती परवडणाऱ्या किमतीत मिळायलाच हवी.

गोळीविनाही खूप काही

महागडी गोळी मिळाली नाही म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नाही. नव्या औषधांच्या आधीच या आजारातलं आयुष्य दशकांनी वाढलं होतं, ते रोजच्या शिस्तीच्या उपचारांनी.

प्रत्येक जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल घ्यायच्या. लहान मुलांसाठी कॅप्सूल उघडून आतले दाणे फळाच्या मऊ गरात घालून भरवतात; ते चावायचे किंवा कुटायचे नाहीत. तूप-लोणी बंद करायचं नाही, उलट वाढवायचं, कारण या मुलांना इतरांपेक्षा जास्त उष्मांक लागतात. जीवनसत्त्वं वेगळी द्यायची. दिवसातून निदान दोनदा छातीचा व्यायाम: मुलाला ठरावीक कोनात निजवून पोकळ तळव्यानं पाठ आणि बरगड्या थापटायच्या, मग तोंड उघडं ठेवून 'हाऽ' असा जोराचा उच्छ्वास करायला लावून कफ वर आणायचा. त्याआधी नेब्युलायझरनं 7 टक्के मिठाचं पाणी देतात. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची छाती बरी राहते असं दिसलं होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं या साध्या उपायावर शिक्कामोर्तब केलं. कफातला डीएनए तोडणारं औषध 1993 पासून वापरात आहे. आणि संसर्ग होताच प्रतिजैविकं, पूर्ण मात्रेत आणि पूर्ण काळ.

यातलं बरंचसं घरी होतं, आणि बहुतेक घरांत ते आईच करते. बाबांनी, आजी-आजोबांनी थापटायला शिकलं तर तिच्या पाठीवरचा भार हलका होतो आणि मुलाचा व्यायामही चुकत नाही.

आपल्याकडे हा आजार दिसत का नाही

'हा गोऱ्या लोकांचा आजार' असं आपल्याकडे फार काळ मानलं गेलं. पण भारतात त्याची नोंद 1968 इतकी जुनी आहे. परदेशात वसलेल्या भारतीय वंशाच्या मुलांवरून काढलेले अंदाज दहा हजारांत एक ते चाळीस हजारांत एक असे आहेत. आपल्या देशातल्या जन्मांची संख्या पाहिली, तर ही मुलं दर वर्षी शेकड्यांनी जन्मत असली पाहिजेत. त्यातली बहुतेक नाव न मिळताच जातात.

ती हरवतात कुठे? वारंवार न्यूमोनिया, कुपोषण, दमा आणि सगळ्यात जास्त टीबी या नावांखाली. खोकला, ताप, घटतं वजन, एक्स-रेवर डाग, हे चित्र टीबीसारखंच दिसतं. आपल्याकडे टीबी कितीतरी पटींनी जास्त असल्यामुळे तो आधी तपासणं योग्यच आहे. पण थुंकीत टीबीचा जंतू सापडला नाही, एक कोर्स पूर्ण होऊनही मूल सुधारलं नाही, तर दुसरा कोर्स सुरू करण्याआधी थांबून वेगळा विचार व्हायला हवा.

आपल्या हवामानात आणखी एक खूण कळीची आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं बाळ फारसे जुलाब-उलट्या नसतानाही एकाएकी मलूल होतं. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं, रक्ताचा आम्लपणा कमी होतो. मीठ घामावाटे गेलेलं असतं. आईच्या दुधात मीठ मुळात कमी, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जास्त. सलाइन देऊन घरी पाठवलेलं बाळ पुन्हा तसंच परत आलं, तर घाम तपासायलाच हवा. निदान झालेल्या मुलांना उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्यानं जास्तीचं मीठ देतात. ताक, पेज, लिंबूसरबत यांतून ते सहज जातं.

घामाच्या चाचणीलाही इतिहास आहे. सुरुवातीला मुलांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घाम काढत आणि ते जिवावर बेतू शकत असे. 1959 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या गिब्सन आणि कुक यांनी सुरक्षित रीत शोधली. तीच आजही वापरात आहे. मुलाच्या हाताची कातडी स्वच्छ करून पिलोकार्पिन हे औषध लावलेल्या दोन पट्ट्या बांधतात आणि सुमारे पाच मिनिटं अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. किंचित मुंग्या येतात, कातडी गुलाबी होते. मग त्याच जागी गोल नळी किंवा गाळणकागद बसवून अर्धा तास घाम जमा करतात. सुई नाही, रक्त नाही. एका लिटरमागे क्लोराइड 60 मिलिमोल किंवा जास्त भरला, तर आजाराचं निदान जवळजवळ पक्कं. 30 पेक्षा कमी असेल, तर शक्यता फारच थोडी. मधला आकडा आला, तर पुन्हा चाचणी आणि जनुकीय तपासणी. दिल्लीच्या एम्समध्ये या चाचणीची कमी खर्चाची देशी पद्धतही विकसित झाली आहे.

ब्रिटनमध्ये 2007 पासून आणि अमेरिकेतल्या सर्व राज्यांत 2010 पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन या आजाराची चाळणी होते. भारतात अशी देशव्यापी सोय नाही. ती होईपर्यंत निदानाचा सगळा भार डॉक्टरांच्या मनातल्या शंकेवर आणि घरच्यांच्या निरीक्षणावर आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात घामाची चाचणी नियमित होऊ लागली, तर टीबीच्या कोर्सांत वाया जाणारी वर्षं वाचतील. लवकर निदान झालेल्या मुलाची वाढ चांगली होते आणि फुप्फुसं जास्त काळ टिकतात.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगणं आहे: मूल सारखं खोकतंय, भरपूर खाऊनही वाळतंय, शी तेलकट होतेय, मुका खारट लागतोय किंवा घाम वाळल्यावर कपाळावर पांढरे कण दिसतायत, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्या कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि 'घामाची चाचणी करून घ्यायची का?' असं स्पष्ट विचारा. आधी त्याच घरातलं एखादं भावंड अशाच खोकल्यानं किंवा जुलाबांनी गेलं असेल, तर तेही न लपवता सांगा. त्या एका माहितीवरून दुसऱ्या मुलाचं निदान वेळेत होऊ शकतं.